माफी कोणाची, ओझे कोणाचे?

‘करमाफी’ हा शब्द आपल्या तोंडी इतका रुळला आहे की त्यातील ‘माफी’कडे आपले लक्षच जात नाही. माफी द्यावी ती ज्याचे येणे असेल त्याने. सावकाराने ऋणकोला सोडले तर ते औदार्य; पण धन्याचे येणे कारभाऱ्याने परस्पर सोडून दिले, तर त्याला औदार्य म्हणता येत नाही. शुभवर्तमानातील कारभाऱ्याने धन्याच्या ऋणकोंचे आकडे कमी करून दिले, तेव्हा वाखाणणी झाली ती त्याच्या चतुराईची, प्रामाणिकपणाची नव्हे. शासन हे जनतेच्या तिजोरीचे कारभारी आहे, धनी नव्हे. म्हणून तेल कंपन्यांना करात सवलत द्यावी काय, हा प्रश्न केवळ अर्थखात्याचा राहत नाही. तो न्यायाचा प्रश्न होतो, आणि म्हणून आम्हां श्रद्धावंतांचाही होतो.

सवलतीची बाजू आधी प्रामाणिकपणे ऐकली पाहिजे. समुद्राच्या तळाशी विहीर खणण्यास अफाट पैसा लागतो आणि ती कोरडी निघाली तर तो अक्षरशः पाण्यात जातो. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी फार मोठा भाग परदेशांतून आणावा लागतो. अशा वेळी जोखीम पत्करणाऱ्याला काही आमिष हवे, या विचाराने १९९९ साली अमलात आलेल्या नव्या शोध परवाना धोरणात तेल काढणाऱ्यांना उत्पादन सुरू झाल्यापासून सात वर्षे नफ्यावरील प्राप्तिकर माफ करण्यात आला. १ एप्रिल २०१७ पासून उत्पादन सुरू करणाऱ्यांसाठी ही सवलत बंद झाली. दरम्यान ‘खनिज तेल’ या शब्दांत नैसर्गिक वायू मोडतो की नाही, यावर वर्षानुवर्षे वाद चालला. एका शब्दाच्या अर्थासाठी न्यायालयाची पायरी चढण्याचे बळ ज्याच्यापाशी असते, त्यालाच सवलतीची अधिक गरज असते काय, हे आपण स्वतःशी विचारावे.

आता जोखमीचे पाहू. कोरड्या विहिरीवरील खर्च उत्पन्नातून वजा करण्याची सोय प्राप्तिकर कायद्यात निराळी होतीच. नफ्यावरील करमाफी मात्र नफा झाल्यावरच उपयोगी पडते. म्हणजे जो बुडाला त्याला ती तारीत नाही, जो तरला त्याला ती आणखी वर उचलते. शिवाय आपल्या महाराष्ट्राचा अनुभव काय सांगतो? १९५० च्या दशकात मुंबईच्या ट्रॉम्बे परिसरात परदेशी कंपन्यांचे तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले, ते राष्ट्रीयीकरण न करण्याची हमी आणि आयातशुल्काचे संरक्षण पदरात पाडून घेऊन. पण १९७४ साली मुंबईच्या समुद्रात ‘सागर सम्राट’ या तरत्या यंत्रणेने तेल शोधले, ते जनतेच्या पैशावर चालणाऱ्या तेल व नैसर्गिक वायू आयोगासाठी. जोखीम घेणारा तोच सवलतीचा मानकरी असेल, तर या मानातील पहिला वाटा सामान्य करदात्याचा ठरतो.

हा करदाता कोण? आंबेगाव तालुक्यातील अवसरी बुद्रुक या गावचा लहान शेतकरी डोळ्यांपुढे आणू. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, तेव्हा शेतकरी कर भरीत नाही, असे शहरांत सर्रास बोलले जाते. परंतु त्याच्या नांगरटीचा ट्रॅक्टर डिझेलवर चालतो आणि त्याचा माल मंचरच्या बाजारात किंवा थेट वाशीला नेणारा टेम्पोही डिझेलवरच. त्या प्रत्येक लिटरात केंद्राचे उत्पादनशुल्क असते आणि राज्याचा मूल्यवर्धित करही. मे २०२० मध्ये जगात तेल स्वस्त झाले असता केंद्राने डिझेलवर लिटरमागे १३ रुपये शुल्क वाढविले. ती स्वस्ताई त्याच्या बांधापर्यंत पोहोचलीच नाही. नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये मिळून १६ रुपये उतरले, हेही नमूद केले पाहिजे. पण मूळ भेद उरतोच. कंपनी कर देते तो नफ्यावर. हा शेतकरी कर देतो तो कांद्याचा भाव पडला तरीही, म्हणजे तोट्यातसुद्धा. एकाला माफ केलेला रुपया तिजोरीला हवाच असतो. तो दुसऱ्याच्या टाकीतून वसूल होतो.

प्रभू येशूने मंदिराच्या दानपेटीपाशी बसून विधवेची दोन नाणी मोजली, ती किती दिली यावरून नव्हे, दिल्यावर मागे काय उरले यावरून. कराच्या न्यायालाही हेच माप लावावे असे आम्हांस वाटते.

सरसकट विरोध करणेही बरोबर नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने तीन सरकारी तेल कंपन्यांना स्वयंपाकाच्या गॅसवरील तोट्यापोटी २२,००० कोटी रुपये दिले. ती करमाफी नव्हती आणि तिचा लाभ काही अंशी चुलीपर्यंत पोहोचला होता. परंतु त्याच तीन कंपन्यांना २०२३-२४ मध्ये मिळून सुमारे ८१,००० कोटी रुपये नफा झाला, आणि पंपावरचा दर त्या वर्षाच्या अखेरीस, मार्च २०२४ मध्ये, दोन रुपयांनी उतरला. तोटा सर्वांचा आणि नफा आपला, ही रीत घरात चालत नाही; राज्यात का चालावी? उलट १ जुलै २०२२ रोजी देशात काढलेल्या कच्च्या तेलावर टनामागे २३,२५० रुपयांचा जादा कर बसविण्यात आला, तो युद्धामुळे अनायासे वाढलेल्या नफ्यावर. तो डिसेंबर २०२४ मध्ये रद्द झाला. पण अनर्जित लाभात समाजाचा वाटा असतो, हे तत्त्व त्याने मान्य केले होते.

येथे एक अवघड प्रश्न आपल्याच दाराशी येतो. आपल्या धर्मग्रामांचे धर्मादाय न्यास, शाळा, दवाखाने यांनाही कायद्याने करसवलत आहे. मग दुसऱ्याकडे बोट कोणत्या तोंडाने दाखवावे? उत्तर एकच: ज्या कसोटीवर त्यांना घासतो त्याच कसोटीवर आपण उभे राहावे. सवलतीने दुर्बलाचे भले होते काय? तिला मुदत व हिशेब आहे काय? ती नसती तर ते काम अडले असते काय? आपली शाळा गरिबाच्या मुलाला दारातून परत पाठवीत असेल, तर तिची करमाफीही तेवढीच अन्यायाची.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली पृथ्वीवरील धन सर्व मानवांसाठी आहे, असे शिकविले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात कोळसा व तेल यांचा वापर विनाविलंब टप्प्याटप्प्याने मागे सारण्याचे आवाहन केले. भूगर्भातील तेल कोणा कंपनीने निर्माण केलेले नाही, आणि त्याच्या धुराचे फळ आपली नातवंडे भोगणार आहेत. तेव्हा नफ्यात असलेल्या तेल कंपन्यांना करमाफी देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. क्वचित द्यावीच लागली, तर ती अल्प मुदतीची, उघड हिशेबाची आणि जनतेला परतफेड करणारी असावी. ज्याच्या खांद्यावर ओझे सरकविले जाते, त्याला निदान विचारले तरी पाहिजे.