घडी आणि प्रयोजन

फुलावर आलेले हरभऱ्याचे रोप उपटून त्याच्या मुळावरची गाठ नखाने फोडली असता आत मांसासारखा गुलाबी रंग दिसतो. तो रंग ज्या प्रथिनाचा, ते आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनचे दूरचे सगोत्र आहे, हे प्रथम वाचले तेव्हा कितीतरी वेळ माझे चित्त पुस्तकात परतले नाही. दोघांच्या साखळ्यांतील अमिनो आम्ले बहुतेक स्थानी भिन्न, पण साखळीची घडी एकच.

शंभर अमिनो आम्लांची साखळी वीस प्रकारांतून जुळवावयाची तर एकावर 130 शून्ये इतके पर्याय होतात, सबब ती यदृच्छेने घडणे अशक्य आणि म्हणून ईश्वर सिद्ध, असे म्हणणाऱ्या बंधूंना, मी स्वतः आस्तिक असूनही, हाच दाखला दाखवू इच्छितो. एका घडीला पुष्कळ साखळ्या चालतात. शिवाय निसर्ग जुन्या साखळीची नक्कल करतो, नकलेत फेर पडतो, आणि जो फेर घडी मोडत नाही तो दप्तरी कायम होतो. ईश्वराला हिशेबातल्या तुटीच्या जागी बसविणे ही मला भक्ती वाटत नाही. तूट भरून निघाली की त्याला तेथून उठावे लागेल.

ज्या कार्यासाठी क्रिश्चन अॅन्फिन्सेन यांना 1972 चे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात त्यांनी रायबोन्यूक्लिएज या 124 अमिनो आम्लांच्या प्रथिनाची घडी युरियात उलगडून त्याचे गंधकाचे चारही बंध तोडले होते. आठ टोकांच्या चार जोड्या लावण्याच्या रीती 105. तरी युरिया काढून घेताच साखळीने हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने मूळचीच रीत साधली. तिळात तेल तसे कारणात कार्य, या सांख्यांच्या सत्कार्यवादाला याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही. पण कार्य कारणात आधी नसते, ते नव्याने उपजते, असे म्हणणारे नैयायिकही खोटे ठरत नाहीत. हरभऱ्याच्या मुळात हिमोग्लोबिनचीच घडी प्राणवायूला आवरून धरते, कारण मोकळ्या प्राणवायूने नत्र बांधणारे विकर निकामी होते. हे प्रयोजन आदिम साखळीत कोठे होते? घडी पूर्वसिद्ध, प्रयोजन नवे, असे मला वाटते.

आणि पहिली साखळी? प्रथिनाला जनुक हवे, जनुकाच्या नकलेला प्रथिन हवे. हा बीजांकुरन्याय वेदान्त्यांनी अनादि मानला. पण 2000 साली पेशीत प्रथिने घडविणाऱ्या रायबोसोमची रचना उलगडली, तेव्हा अमिनो आम्ले जेथे एकमेकांस जोडली जातात त्या गाभ्यात प्रथिन नव्हतेच, जनुकाच्याच जातीचे आरएनए होते. देवळाच्या गाभाऱ्यात घडीव मूर्तीच्या मागे तिच्याहून जुना तांदळा सापडावा, तसे.