एवढं आलोच आहोत तर

युरोपच्या क्रूझचं बुकिंग करायला बसलेल्या मराठी घरात जहाज कुठलं आणि खोली बाल्कनीची की आतली, हे प्रश्न तासाभरात सुटतात. घोडं अडतं ते पुढे. बार्सिलोनाला बोटीवर चढलो, सात रात्री काढल्या, रोमच्या बंदरात उतरलो. आता तिथूनच परतीचं विमान धरायचं की आणखी आठवडाभर फिरायचं? अशा वेळी घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "एवढं आलोच आहोत तर स्वित्झर्लंडही करून घेऊ." दुसरं कुणी त्याला पॅरिस जोडतं. पाच मिनिटांत आठवड्याची सहल पंधरवड्याची होते आणि ती का वाढली, हे कुणी विचारत नाही.

या वाक्यामागचा पैशाचा हिशेब चुकीचा नाही. मुंबईहून युरोपला जाण्यायेण्याचं तिकीट आठ दिवस राहा की पंधरा, साधारण तेवढंच. शेंगेन व्हिसाचं शुल्क जून २०२४पासून ९० युरो आहे. तेही दिवसांवर ठरत नाही. व्हिसासाठी लागणारा निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा दिवसांनुसार थोडाफार वाढतो, इतकंच. कागदपत्रं, बँकेची स्टेटमेंटं, बोटांचे ठसे द्यायला घातलेली चक्कर, साहेबांच्या मागे लागून मिळवलेली रजा हा सगळा खटाटोप एकदाच करायचा असतो. साहजिकच पुढचा प्रत्येक दिवस स्वस्तात पडल्यासारखा वाटतो. पण तो दिवस कसला असेल, हे या हिशेबात कुठेच येत नाही. ते कळायचं, तर क्रूझने आपल्याला काय दिलं आणि काय राखून ठेवलं, हे आधी पाहायला हवं.

भाऊच्या धक्क्यावरून कोकणात जाणाऱ्या जुन्या बोटीत बसणाऱ्याला हर्णै, जयगड, विजयदुर्ग किंवा मालवण गाठायचं असायचं. बोट लागून उलट्या झाल्या, डेकवर पथारी टाकायला जागा मिळाली नाही, तरी ते सोसलं जायचं, कारण बंदरापलीकडे गाव होतं, घर होतं. अल्बर्ट बालिन या जर्मन जहाज-व्यावसायिकाने जानेवारी १८९१मध्ये हा क्रमच उलटा केला. हिवाळ्यात अटलांटिक ओलांडणारे प्रवासी कमी व्हायचे आणि मोठी जहाजं रिकामी पडायची. त्याने 'ऑगस्टा व्हिक्टोरिया' हे त्यातलंच एक जहाज २४१ प्रवाशांसह भूमध्य समुद्रात फिरायला पाठवलं. सुमारे दोन महिन्यांनी ते निघालं तिथेच परत आलं. कुठेही पोचायचं नसलेला प्रवास विकता येतो, हे त्यातून दिसलं. २०२४मध्ये प्रवासी सेवेत आलेलं 'आयकॉन ऑफ द सीज' ३६५ मीटर लांब आहे आणि त्यावर साडेसात हजारांपर्यंत प्रवासी मावतात. एवढ्या जहाजावर जलतरण तलाव, नाटकगृह, बाजार सगळं असतं. मुक्कामाचं ठिकाण जहाजच. वाटेतली बंदरं ही त्याची तोंडी लावणी.

यात हिणवण्यासारखं काही नाही. रात्री मार्सेलिसच्या किनाऱ्यावरून निघावं, सकाळी पडदा सारला की समोर जिनोआ दिसावं आणि मधे एकदाही बॅग भरावी लागू नये, हे सुख मोठं आहे. गुडघे दुखणारे आईवडील, लहान मुलं आणि वर्षभर एकत्र जेवायला न बसणारी भावंडं यांना एका छपराखाली आणणारी एवढी सोयीची सहल दुसरी नाही. कुठे जेवायचं, काय शाकाहारी मिळेल, उद्या गाडी कुठून पकडायची, असले प्रश्न जहाजावर दुसऱ्या कुणीतरी आधीच सोडवलेले असतात.

आता या सोयीची दुसरी बाजू. रोमचं बंदर म्हणून जे सांगितलं जातं, ते चिविताव्हेकिया हे रोमपासून सुमारे सत्तर किलोमीटरवरचं वेगळं गाव आहे. सम्राट ट्रेजनने एकोणीसशे वर्षांपूर्वी तिथे बंदर बांधलं. जहाज सकाळी सातला लागतं आणि संध्याकाळी सातला सुटतं, असं धरलं तर त्याआधीच सगळ्यांना वर परतावं लागतं. आगगाडीने रोमला जायला तास, यायला तास. बसने त्याहून जास्त. उतरण्याची आणि चढण्याची रांग वजा केली की तीन हजार वर्षांकडे झुकलेल्या शहराच्या वाट्याला सहा-सात तास येतात. त्यात कलोसियम, व्हॅटिकन, त्रेव्हीचं कारंजं आणि जेवण. जहाज कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, आपल्या आपण गेलेल्यासाठी थांबत नाही. त्यामुळे जो जरा स्वतंत्रपणे फिरायला निघतो, त्याचं अर्धं लक्ष घड्याळाकडे.

या वेळापत्रकात सर्वांत मोठी काट बसते ती संध्याकाळला. दक्षिण युरोपातली गावं उन्हाळ्यात दुपारी मिटतात आणि ऊन उतरलं की उघडतात. म्हातारी माणसं खुर्च्या घेऊन दारात बसतात, बायका मुलांना घेऊन चौकात येतात, इटलीत आठनंतर आणि स्पेनमध्ये नऊ-दहानंतर पानं मांडली जातात. नेमक्या त्या वेळी आपला प्रवासी डेकवर उभा राहून किनारा दूर जाताना पाहत असतो. जहाज एखाद्या बंदरात रात्री थांबलं तर गोष्ट वेगळी, पण एरवी हेच. नेपल्स, मार्सेलिस, जिनोआ ही नावं त्याच्या यादीत येतात. यातल्या एकाही गावात तो रात्रीचं जेवलेला नसतो.

दुसरी काट बसते ती आपल्या फजितीला. इटलीतल्या साध्या गाडीचं कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यावं लागतं, हे माहीत नसल्यामुळे तपासनीसासमोर उडणारी तारांबळ. पिझ्झ्यावर बारीक मासे नकोत, हे हातवारे करून सांगताना होणारी गंमत. आपण बिनधास्त खातो त्या अस्सल पार्मेझान चीजसाठी वासराच्या पोटातलं विरजण लागतं, हे कळल्यावर शाकाहारी माणसाला पडणारा प्रश्न. अशा प्रसंगांतून गावाशी आपली ओळख होते, कारण तिथे आपल्याला कुणाला तरी काहीतरी विचारावं लागतं. जहाजावर विचारावंच लागत नाही.

म्हणजे क्रूझनंतर थांबण्याला कारण आहे आणि ते चांगलं कारण आहे. अडचण आहे ती आपण त्या दिवसांत जे कोंबतो त्याची. रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस, लुसर्न, पॅरिस असा सहा दिवसांचा जो जोडकार्यक्रम आपण आखतो, तो पुन्हा बंदरामागून बंदर असाच असतो. फक्त आता पलंग आपल्याबरोबर येत नाही. रोज पहाटे बॅग भरायची, पाच-सहा तास बसमध्ये काढायचे, मधे एका शहरात दोन-तीन तास उतरायचं आणि रात्री महामार्गालगतच्या हॉटेलात पाठ टेकायची. संध्याकाळ पुन्हा रस्त्यावरच जाते. जहाजाने दिलेली विश्रांती इथे संपते आणि जहाजाने राखून ठेवलेलं काही हाती लागत नाही. पैशाच्या हिशेबात स्वस्त दिसलेला दिवस इथे महाग पडतो.

थांबायचं, तर जहाज जिथे सोडेल त्याच शहरात तीन-चार रात्री थांबावं, असं माझं मत आहे. पहिला दिवस तसाही पायांचा असतो. आठवडाभर डोलणाऱ्या जमिनीची सवय झालेल्या शरीराला पक्की फरशीही हलल्यासारखी वाटते आणि अनेकांचं ते वाटणं एक-दोन दिवसांत जातं. त्या दिवशी काहीही पाहण्याचा कार्यक्रम नसावा. दुसऱ्या दिवसापासून शहर वेगळं दिसू लागतं, कारण तीच जागा दोनदा पाहता येते. रोममधल्या पँथिऑन या प्राचीन देवळाच्या घुमटाच्या मध्यावर उघडं भोक आहे. त्यातून आलेला उन्हाचा गोल सकाळी एका भिंतीवर असतो आणि दुपारी सरकत दुसरीकडे गेलेला असतो. पाऊस आला तर तो आतल्या फरशीवर पडतो आणि फरशीतल्या छिद्रांतून वाहून जातो. हे एका भेटीत कळत नाही.

कलोसियमपासून चालत पाच-सात मिनिटांवर सान क्लेमेंते नावाचं चर्च आहे. ते बाराव्या शतकातलं. त्याच्या खाली जिना उतरला की चौथ्या शतकातलं चर्च लागतं आणि आणखी खाली उतरलं की रोमन काळातल्या इमारती आणि मिथ्र या देवाचं ठाणं. तिथे भिंतीआड वाहत्या पाण्याचा आवाज येतो. रोम म्हणजे एकावर एक रचलेली शतकं, हे पुस्तकात वाचलेलं असतं. इथे ते पायऱ्यांनी उतरता येतं. बंदराहून आलेल्या बसेस कलोसियमपाशी थांबतात आणि वेळ संपला म्हणून परततात. त्यांतल्या प्रवाशाला आणखी एक देश जोडून दिला तरी त्याला हे मिळणार नाही. आणखी अर्धी सकाळ दिली तर मिळेल.

हा प्रश्न आपल्या आनंदापुरता उरलेला नाही, हेही ध्यानात घ्यायला हवं. व्हेनिसच्या जुन्या शहरात १९५१मध्ये सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते. आता पन्नास हजारही उरलेले नाहीत. ऑगस्ट २०२१पासून मोठ्या जहाजांना सान मार्को चौकासमोरून जायला बंदी झाली आणि क्रूझच्या कार्यक्रमात 'व्हेनिस' असं छापलेलं असलं तरी कित्येकदा जहाज रावेन्ना किंवा त्रिएस्तेला लागतं. २०२४पासून ठरावीक दिवशी, सकाळी येऊन संध्याकाळी जाणाऱ्या पाहुण्याला व्हेनिसमध्ये शिरायला निदान ५ युरो द्यावे लागू लागले. शहरात रात्र काढणाऱ्याला ते माफ आहेत, कारण तो मुक्कामाचा कर वेगळा भरतो. शहर काय म्हणतंय ते स्पष्ट आहे. दहाला येऊन चारला जाणारी गर्दी गल्ल्या, पूल आणि कचराकुंड्या वापरते, फ्रिजवर लावायचं चुंबक घेते आणि निघून जाते. राहणारा माणूस भाजीवाल्याकडे, बेकरीत, औषधाच्या दुकानात जातो.

अर्थात राहणाऱ्याने स्वतःला फार पुण्यवान समजू नये. घरं पर्यटकांना भाड्याने द्यायचा धंदा वाढल्यामुळे स्थानिकांना भाडी परवडेनाशी झाली, ही तक्रार बार्सिलोनात इतकी तीव्र आहे, की तिथल्या महापालिकेने पर्यटकांसाठीच्या सदनिकांचे सुमारे दहा हजार परवाने नोव्हेंबर २०२८पर्यंत संपवायचं जाहीर केलं आहे. म्हणून थांबावं ते हॉटेलात किंवा साध्या अतिथिगृहात, कुणाच्या उठवलेल्या बिऱ्हाडात नको.

सगळ्यांनीच थांबावं असंही नाही. ज्यांच्यासाठी समुद्र, झोप आणि कुटुंबाचं एकत्र जेवण हीच सुट्टी होती, त्यांची सुट्टी जहाजावर पुरी झाली आहे. त्यांनी धक्क्यावरून थेट विमानतळ गाठण्यात कमीपणा नाही. थकलेल्या आईला रोमच्या दगडी रस्त्यांवरून 'आता परत कधी येणार' म्हणून ओढत नेणं ही तिची हौस नसते, आपली असते. रजा अगदीच तुटपुंजी असेल तर वाढीव दिवस आधी घ्यावेत. जहाज उशिरा आलेल्या विमानासाठी थांबत नाही, त्यामुळे चढायच्या बंदरात एक-दोन रात्री अगोदर पोचणं शहाणपणाचं असतंच. त्याच रात्री बार्सिलोनाची संध्याकाळही देतात. मन मात्र तेव्हा पुढच्या जहाजात अडकलेलं असतं. जमिनीची खरी भूक बोटीवरून उतरल्यावर लागते, म्हणून निवड करता आली तर मी नंतरचे दिवस घेईन.

भारतीय पासपोर्ट असलेल्याला ही निवड धक्क्यावर उभं राहून करता येत नाही. व्हिसा आपण मांडलेल्या कार्यक्रमावर मिळतो. अर्ज कुठल्या देशाकडे करायचा, हे कुठे जास्त दिवस राहणार यावर ठरतं. स्पेनहून सुरू होणाऱ्या सहलीला रोमच्या चार रात्री जोडल्या तर अर्ज इटलीकडे जाऊ शकतो. म्हणजे 'एवढं आलोच आहोत तर' हे वाक्य आपण उच्चारतो तेव्हा आपण कुठेही गेलेलो नसतो. घरातच असतो, जायला दोन-चार महिने असतात आणि हातात कोरा अर्ज असतो. त्या वाक्यात बोलते ती पुन्हा जाणं होणार नाही ही धास्ती. जन्मात एकदाच परदेश पाहिलेल्या पिढीकडून ती आपल्याकडे आली आणि त्यांच्यापुरती ती रास्तही होती. पण चार देशांत धावूनही ती शमत नाही; चौथ्या देशात पाचवा दिसू लागतो. तेव्हा अर्ज भरतानाच रोमपुढे चार रात्री लिहाव्यात आणि पॅरिस खोडावं. न पाहिलेलं पॅरिस पुढेमागे पाहता येईल, किंवा येणारही नाही. त्यासाठी हातातलं रोम उधळू नये.