पांघरूण

आपण चुकीवर ‘पांघरूण घालतो’. शब्द मायेचा आहे. रात्री उठून लेकराच्या अंगावरून सरकलेली गोधडी नीट करणारा हात त्यात दिसतो. म्हणूनच घरातल्या माणसाचा गुन्हा झाकताना आपण काही वावगं करतोय असं वाटतच नाही.

आमच्या गल्लीत १६ वर्षांच्या एका मुलाने वडिलांच्या स्कूटरने भाजीवाल्या मावशींना धडक दिली. टोपली उपडी झाली, टोमॅटो घरंगळत गटारापर्यंत गेले. मावशी मनगट धरून बसल्या होत्या आणि मुलाची आई सांगत होती, “तसा तो हळूच चालवतो हो, ह्याच मधे आल्या.” आम्ही शेजाऱ्यांनी माना डोलावल्या. मावशींना पाणी द्यायचं कुणालाच सुचलं नाही.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात, कल्याणीनगरमध्ये, भरधाव पोर्शच्या धडकेत दुचाकीवरचे दोन तरुण अभियंते गेले. गाडी १७ वर्षांचा मुलगा चालवत होता, असं पोलीस म्हणाले. पुढचे आरोप त्याच्या घरच्यांवर आहेत: गुन्हा अंगावर घ्यावा म्हणून ड्रायव्हरला डांबलं आणि मुलाच्या रक्ताच्या नमुन्याच्या जागी आईचं रक्त ठेवलं. खरंखोटं न्यायालय ठरवील. मला मात्र त्या ड्रायव्हरबद्दल वाचताना मावशी आठवल्या.

कारण दोष नुसता पुसता येत नाही, तो दुसऱ्या कुणाच्या तरी माथी मारावा लागतो. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात पेशवे नारायणरावांचा खून झाला. न्यायाधीश रामशास्त्र्यांनी ठपका ठेवला तो त्यांचे काका रघुनाथरावांवर. लोकांच्या तोंडी मात्र अडीचशे वर्षं रघुनाथरावांच्या पत्नी आनंदीबाईंचा ‘ध’चा ‘मा’च राहिला. आजही घरोघरी ‘लग्नानंतर बिघडला’ म्हणून सून सापडते, नाहीतर ‘संगत वाईट’ म्हणून शेजारचा पोरगा.

आपल्या माणसाला टाकून द्यावं असं मी म्हणत नाही. त्याला वकील द्यावा, कोठडीत डबा न्यावा, प्रत्येक तारखेला कोर्टात जाऊन बसावं. त्याच्यासोबत उभं राहायला खोटं बोलावं लागत नाही. त्या दिवशी आईने मुलाचा हात धरून त्याला मावशींसमोर नेलं असतं, तर तो मान खाली घालून का होईना, ‘माझं चुकलं’ म्हणाला असता. आपण घातलेलं पांघरूण कुणाच्या तरी अंगावरून ओढून आणलेलं असतं, आणि ज्याच्यावर घालतो त्याला त्याखाली फक्त अंधार मिळतो.