दुसऱ्या दाराने

रविवार होता. राहुकाळात, म्हणजे साडेचार ते सहा, तिरुभुवनमच्या शरभेश्वरापुढे गर्दी असते. आम्ही दर्शन आटोपून निघालो आणि कुंभकोणमच्या रस्त्याला लागायच्या आधीच गाडी थरथरू लागली. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा उघडझाप करत होता. तिथल्या मूळ देवाचं नाव कंपहरेश्वर, थरकाप घालवणारा. बायको म्हणाली, ''अहो, परत जाऊन नमस्कार करून येऊ या.'' मी हसलो आणि बॉनेट उघडलं.

पूर्वीच्या गाडीत बॉनेटखाली काय चाललंय ते दिसायचं. आता वर काळं प्लास्टिकचं झाकण, त्याखाली कॉइल, सेन्सर, वायरी. व्हिडिओ पाहिलेले असल्यामुळे कॉइलचा कनेक्टर काढायला गेलो. त्याचं लॉक दाबायचं असतं, मी स्क्रू-ड्रायव्हरने उचकटलं. उष्णतेने कडक झालेलं प्लास्टिक, कट्कन तुटलं. मोबाइलची बॅटरी धरून बायको शेजारीच उभी होती.

मग गॅरेजमधला एक पोरगा आला, सुटी सोडून. मोबाइलला जोडायचा छोटा स्कॅनर लावला: तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. तिसरी कॉइल दुसऱ्या सिलिंडरवर चढवली, कोड पुसला, गाडी चालू केली. आता तक्रार दुसऱ्याची. म्हणजे दोष कॉइलचाच. सगळं दहा मिनिटांत. ''प्लग कधी बदलले, सार?'' मी म्हणालो, गेल्या वर्षी. खोटं. माझ्या गाडीच्या पुस्तकात 40,000 किलोमीटरला बदला असं छापलंय, गाडी 63,000 वर होती. झिजलेल्या प्लगची फट वाढते, ठिणगी पाडायला कॉइलला जादा जोर लागतो. प्लग हातात घेताच त्याला कळलं असणार. लॉकचा तुकडाही त्याला सापडला. न बोलता माझ्या तळहातावर ठेवला, कनेक्टर टायने आवळला आणि स्कूटरवर जाऊन कॉइल घेऊन आला.

चेन्नईला परतल्यावर गाडी सर्व्हिस सेंटरला दिली. ॲडव्हायझरने टाय पाहिला. ''हे कुणी केलं?'' मी म्हणालो, ''वाटेतल्या एका गॅरेजवाल्याने तोडून ठेवलंय.'' त्याने मान डोलावली, ''बाहेरचे लोक असेच असतात.'' मीही मान डोलावली.

आणि गंमत अशी, की मित्रांमध्ये बाहेरच्या लोकांची बाजू मीच तावातावाने मांडतो. 2014 साली स्पर्धा आयोगाने 14 मोटार कंपन्यांना सुमारे 2,545 कोटींचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधनं स्वतंत्र मेकॅनिकला मिळू देत नाहीत म्हणून. हा निकाल मला तोंडपाठ आहे. ते 'स्वतंत्र मेकॅनिक' म्हणजे कोण, तर तो पोरगा. वेळ आली तेव्हा मीच त्याला विकला. तोही पैशासाठी नाही. कनेक्टरचं बिल मलाच भरायचं होतं. काउंटरपाशी अनाडी दिसायला नको, एवढ्यासाठी.

गाडी कंपन्यांनी बंदिस्त केली हे खरंच. पण त्या बंदिस्तपणाची मला एक सोय झाली आहे: बिघाड कुणाचा ते कुणाला दिसत नाही.

तिरुभुवनमच्या शेजारी तिरुविडैमरुदूर आहे. वरगुण पांड्याच्या मागे लागलेली ब्रह्महत्या तिथल्या पूर्वेच्या दारात थांबली, राजा पश्चिमेच्या दाराने निघून गेला, अशी कथा सांगतात. त्या दिवशी सकाळी आम्ही तेही देऊळ केलं होतं. आत एका दाराने, बाहेर दुसऱ्या.

काउंटरवरून निघताना बायकोने माझ्याकडे पाहिलं. काही बोलली नाही. तुकडा अजून गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये आहे.