आजचं चिंतन : काट्यांपुरता उजेड

घरची जुनी प्रीमियर पद्मिनी आम्ही पुन्हा उभी करतोय. रात्री डॅशबोर्डचे काटे दिसत नव्हते. बल्ब गेले असतील, असं सगळ्यांना वाटलं. इलेक्ट्रिशियन काकांनी मात्र आधी अर्थिंग पाहिलं. या १२ व्होल्टच्या गाडीत करंट बॉडीच्या पत्र्यातून परत जातो. तिथे गंज धरला की चांगला बल्बही मिणमिणतो. पॉलिश पेपरने गंज घासला, स्क्रू आवळला, काटे उजळले.

कुणीतरी झगझगीत एलईडी सुचवले. काका म्हणाले, "मग रस्ता कसा दिसणार?" खरंच आहे. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला २०-३० मिनिटं लागतात आणि जवळचा प्रखर उजेड ती क्षणात मोडतो.

मंडळी, आत्मपरीक्षणाचंही असंच नाही का? स्वतःकडे अजिबात पाहिलं नाही, तर इंजिन तापलेलं कळत नाही, आणि गाडीत आपण एकटे नसतो. पण 'मी चांगला आहे ना, माझी साधना नीट चाललीये ना' हेच दिवसभर तपासत बसलं, तर रस्ता ओलांडणारा माणूस दिसत नाही. तोही स्वार्थच, फक्त सात्त्विक दिसणारा. काटा दिसला की नजर रस्त्यावर परत जावी, एवढाच उजेड पुरे.

आज झोपण्याआधी एकच काटा बघा : माझ्यामुळे आज कोण दुखावलं? नाव आठवलं, की स्वतःला दोष देत बसू नका. त्या माणसाला फोन करा.