एवढ्याशा गोष्टीसाठी देवाला हाक मारावी का?



गुरुवारची आरती झाली की देवळाच्या कट्ट्यावर आम्ही चार-सहा निवृत्त माणसं बसतो. मध्यंतरी तिथे एक वाद निघाला. एकांनी सांगितलं, घराची किल्ली सापडेना तेव्हा 'दत्त दत्त' म्हणत शोधली आणि सापडली. त्यावर दुसरे चिडलेच. म्हणाले, "ब्रह्मा-विष्णू-महेश एकत्र आले ते काय तुमची किल्ली शोधायला? मागायचंच असेल तर मोक्ष मागा, नाहीतर काहीच मागू नका." बहुतेकांनी माना डोलावल्या. ऐकायला छानच वाटतं ते. मला मात्र पटलं नाही, आणि का पटलं नाही ते या जयंती अंकाच्या निमित्ताने लिहून बघतो.

मोठं संकट आलं की माणूस देवाला बोलावतोच. एरवी देव न मानणारासुद्धा ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर हात जोडून उभा असतो. तीन वर्षांपूर्वी माझ्या पत्नीला अर्धांगाचा झटका आला तेव्हा अख्खी आळी धावून आली. पारायणं झाली, वाडीला अभिषेक झाले, ती वाचली. मग सगळे आपापल्या घरी गेले, जायलाच हवं होतं, आणि मागे उरलं ते रोजचं. तिचा उजवा हात चालत नाही. वेणी मी घालतो, ब्लाउजचे हूक मी लावतो. दिवसाला सहा गोळ्या, त्यातली एक अर्धी करायची. ती सुरीखालून नेमकी पलंगाखाली उडते. तिला 'पंखा' म्हणायचं असतं आणि तोंडून 'पाणी' येतं. मी पाणी आणतो, ती रडते. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा, तर यंत्रावर अंगठा उमटत नाही. आयुष्यभर खडू धरला, भांडी घासली, बोटांवरच्या रेषाच पुसल्या गेल्या. जिवंत माणूस समोर बसलंय आणि यंत्र म्हणतं, नाही.

यातलं एकही संकट नव्हे. कुणाला सांगायला गेलो तर ऐकणारा हसेल. पण माणूस मोडतो तो इथेच. अशा दिवसाला वीस गोष्टी, वर्षाचे दिवस ३६५. या वीस गोष्टींत देवाला आणायचं नाही म्हटलं, तर त्याने माझ्या दिवसात यायचं तरी कुठे? सकाळच्या पूजेच्या अर्ध्या तासात?

आमच्या शेजारी एक ख्रिस्ती बाई राहतात. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात त्या नर्स होत्या. १८९४ साली डॉ. वॉनलेस यांनी सुरू केलेलं, आमच्या भागात ते कुणाला सांगायला नको. आळी त्यांना सिस्टरच म्हणते. पहाटे त्या रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं म्हणतात, आणि आमच्या घरात काकड आरती चालू असते. दोन्ही आवाज एकाच भिंतीच्या दोन बाजूंना. या बाई सुई ओवताना, गॅसचा सिलिंडर लावताना, दुखऱ्या गुडघ्याने पायरी चढताना काहीतरी पुटपुटत असतात. एकदा विचारलं, "सिस्टर, एवढ्या-तेवढ्यालासुद्धा?" तर म्हणाल्या, "भाऊ, रात्रपाळीला वॉर्डात तीस-चाळीस पेशंट असायचे. सगळ्यांना बरं कर, असं मागायचा माझा धीरच झाला नाही कधी. या हाताची शीर सापडू दे, एवढंच मागायचे. मग पुढच्या कॉटवर पुढचं."

त्यांच्याकडूनच मला कळलं की येशूने शिष्यांना जी प्रार्थना शिकवली तिच्यात भाकर मागितलीय ती त्या दिवसापुरती. उद्याची नाही, म्हातारपणाची तर नाहीच. त्यांच्या जुन्या करारात एक कथा आहे. मिसर देशातून सुटलेले लोक रानात भटकत होते, तेव्हा त्यांच्यासाठी रोज आकाशातून मान्ना नावाचं अन्न पडे. ज्याने त्याने आपल्या पोटापुरतं वेचायचं. साठवून ठेवलं की सकाळी त्यात किडे झालेले असत. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दोन दिवसांचं घ्यायची मुभा होती.

हे ऐकताना मला आपली झोळीच आठवली. दत्तप्रभू रोज कोल्हापुरात भिक्षा मागतात आणि निजायला माहूरला जातात, असं आपण मानतो. साठवायला कोठार नाही, उद्याची सोय नाही. आपला देवच रोजचं रोज मागणारा. त्याच्याकडे रोजचं मागायला आपण लाजायचं कशाला? आणि गीतेनेही आर्त आणि अर्थार्थी यांना भक्तांच्या पंगतीतून उठवलेलं नाही. ज्ञानी अधिक प्रिय म्हटलं, हे खरं. पण उदार चौघांनाही म्हटलंय.

एक आक्षेप मात्र जड आहे. किल्ली सापडली ती देवाने दिली म्हणावं, आणि त्याच दिवशी कुणाचा तरुण मुलगा गेला असेल. त्याच्या आईनेही 'दत्त दत्त' म्हटलंच होतं. तिच्यासमोर ही किल्लीची गोष्ट सांगायची? मी सांगणार नाही. सिस्टरना हे विचारलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, भाऊ. वॉर्डात मूल गेलं की मी आईजवळ जाऊन बसायचे. बसायचं बळ मात्र मागून घ्यायचे." मला यापेक्षा खरं उत्तर पोथीपुराणातही चटकन सापडेल असं वाटत नाही.

गुरुचरित्रातली घेवड्याच्या वेलाची कथा आपल्या सगळ्यांना पाठ. वाडीजवळच्या अमरापुरातला गरीब ब्राह्मण. भिक्षा पुरली नाही की दारातल्या वेलाच्या शेंगा शिजवून दिवस काढायचा. श्रीगुरू भिक्षेला आले, त्याच शेंगा जेवले आणि जाताना वेल उपटून गेले. पुढे मुळाशी द्रव्याने भरलेला कुंभ सापडला. आपण सांगताना लगेच कुंभावर येतो. पण मधला वेळ बघा. वेल गेलाय, बायको रडतेय, कुंभाचा पत्ता नाही, आणि नवरा तिला समजावतोय की यतींना बोल लावू नकोस, पोसणारा आहे. त्या घटकेला त्याच्या हातात काय होतं? उपटलेला वेल. माझं म्हणाल तर माझा मुक्काम तीन वर्षं त्या मधल्या वेळातच आहे. हिच्या हाताचा कुंभ अजून सापडलेला नाही, आणि सापडेल असं डॉक्टरही म्हणत नाहीत.

म्हणून मी हात मागत नाही. हूक लावताना, गोळी शोधताना मनात म्हणतो, महाराज, पुढची पाच मिनिटं माझा आवाज चढू देऊ नका. बहुतेक वेळा घाई उतरते. कधी नाहीही उतरत. मग पुन्हा म्हणायचं. हातपाय बांधून बसायला कुणी सांगितलेलं नाही. हुकांच्या जागी चिकटपट्टी शिवून घेतली. दाखल्याचं म्हणाल तर नाम घेतलं आणि शेजारच्या पोराला हाक मारली. त्याने मोबाइलवर हिचा चेहरा दाखवून घरबसल्या दाखला काढला. याला कृपा म्हणा नाहीतर तंत्रज्ञान.

परवा हिला ती वेलाची कथा वाचून दाखवली. बराच वेळ शब्द जुळवत होती. शेवटी म्हणाली, "शेंगा." मंडईतून पावशेर घेवडा आणला. मी शेंग धरायची, तिने डाव्या हाताने शीर ओढायची. सवा तास लागला. भाजी सिस्टरकडेही वाटीभर दिली.