वाटेवरची माउली



ज्येष्ठ वद्य अष्टमीस आळंदीहून ज्ञानोबारायांची पालखी पंढरीस निघते. या सोहळ्यास शिस्त लावून दिली ती हैबतबाबा आरफळकर यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते. आणि सोहळ्यास अश्व देणारे शितोळे सरकार बेळगाव जिल्ह्यातील अंकलीचे. दरबारी मान ज्याने उतरवून ठेवला त्यानेच ही वाट घालून द्यावी, यात आम्हांस मोठा अर्थ दिसतो.

घरी आपण कोण असतो? कोणाचे वडील, कोणाची सून, कचेरीतले कारकून, पेढीवरचे मालक. वारीत ही नावे कोणी पुसत नाही. जो तो दुसऱ्यास ‘माउली’ म्हणून त्याच्या पायांस हात लावतो, आणि ज्याच्या पायांस लावला तोही वाकतो. प्रथम संकोच होतो. चार मुक्काम झाले, पायांस फोड आले, पंगतीस शेजारी कोण बसले याची चौकशी उरली नाही, म्हणजे ध्यानात येते की कारकुनी मागे राहिली तरी आपले काही उणे झालेले नाही. गीतेच्या तेराव्या अध्यायात क्षेत्र आणि क्षेत्रज्ञ असा विवेक सांगितला आहे. चालून शिणलेला देह ते क्षेत्र. तो शीण जाणणारा निराळा. हा अध्याय आम्ही बालपणापासून पाठ म्हणतो, पण दिवे घाटाच्या चढणीवर तो जसा उमगतो तसा देवघरात उमगत नाही.

वारीतही मानपान आहेत, दिंड्यांचे क्रम आहेत, कुरबुरी आहेत. समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंचावला की सारे टाळ थांबतात. जिची तक्रार असेल त्या दिंडीचे टाळ तेवढे वाजत राहतात, आणि चोपदार तेथे जाऊन ऐकून घेतो. ही रीत मोठी शहाणपणाची!

एका तक्रारीस मात्र शतकानुशतके उत्तर मिळाले नाही. वाटेने नाम गात आलेल्या अस्पृश्य बांधवास मंदिराबाहेरच थांबावे लागे. चोखोबांची समाधीही महाद्वाराबाहेरच आहे. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले, तेव्हा ते दार त्यांना खुले झाले. दाराशी अडवणाऱ्यांत पूजक वर्गही होता, आणि आम्ही पूजकाच्याच घरातले, म्हणून हे लिहिणे आम्हांस भाग आहे. आजही वारीहून परतलेली मंडळी गावाच्या वेशीपाशी एकमेकांस पुन्हा आडनावाने हाक मारू लागतात, आणि कोणाच्या ओटीवर कोणी कोठवर यावे, हे काही ठिकाणी अजून न बोलता ठरलेले असते.